चित्रं, छोटे व्हिडिओ आणि थोडे गेम: लहान लॅपटॉप कोणता घ्यावा? बजेट ६० हजार

चित्रबाई_लालबाग

नमस्कार मंडळी. मी भांडुपच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, राहायला लालबागला चाळीत. एक खोली, स्वयंपाकघर आणि आम्ही चौघं. टेबल कायमचं मांडून ठेवायला जागा नाही. रात्री जेवणं आटोपली, भांडी लागली की ओट्याजवळ चटई टाकते, भिंतीला टेकते आणि कामाला बसते. झालं की सगळं कपाटात. म्हणून लॅपटॉप लहान हवा, ही पहिली अट.

काम असं आहे. पाचवीतली मुलं गोष्टी रचतात. कुणाची बैलाची, कुणाची लिफ्टमध्ये अडकलेल्या मांजराची. मी एकेका गोष्टीसाठी बारा-पंधरा चित्रं काढते, ज्याची गोष्ट त्याच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करते आणि पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकते. आत्तापर्यंत सगळं कागदावर, ब्रशपेनने, आणि मग फोनने फोटो. ट्यूबलाइटखाली फोटोत कागदाचा एक कोपरा काळपट येतो, हाताची सावली पडते. बैलाचं एक शिंग बदलायचं म्हटलं तरी अख्खं चित्र पुन्हा काढायचं. फोनवर एडिटिंग करताना बोट ठेवलं की नेमकं तिथलंच दिसत नाही.

माझी रेघ समजावून सांगते, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नऊवारीची निरी काढताना कमरेपाशी रेघ अगदी बारीक सुरू होते, गुडघ्यापर्यंत येता येता भरते आणि पावलाशी पुन्हा बारीक होऊन सुटते. हे एका दमात व्हावं लागतं. मध्ये हात थांबला की कापडाचा सळसळाट गेला. ही रेघ स्क्रीनवर येणार नसेल तर बाकी कितीही सोयी असल्या तरी मला ते मशीन नको.

गेम म्हणाल तर मुलाला, तो सातवीत आहे, माइनक्राफ्ट हवंय. मी स्वतः स्टारड्यू व्हॅली खेळते, भावाच्या कॉम्प्युटरवर. शेती, मासेमारी, गावातल्या लोकांशी गप्पा, असला शांत खेळ मला फार आवडतो. मारधाडीचे मोठे गेम घरात कुणी खेळत नाही.

भिशी लागली आहे, ६० हजारांपर्यंत जाऊ शकते. दादरच्या एका दुकानात गेले तर त्यांनी गेमिंग लॅपटॉपच पुढे केला. "मॅडम, ग्राफिक्स कार्ड आहे, चित्रं पळतील." वजन सव्वादोन किलोच्या वर, आणि चार्जर वेगळा, विटेएवढा. आठवड्यातून दोनदा तरी तो करी रोडहून भांडुपपर्यंत न्यायचा आहे, शाळेत प्रोजेक्टरला लावायला. सकाळच्या गाडीत बॅग पोटाशी धरून उभं राहावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

ज्यांनी स्वतः पेनने स्क्रीनवर चित्रं काढली आहेत, त्यांनी कृपा करून सांगा. काय बघून घेऊ?

पेनरेघ

ताई, तुमचं निरीचं वर्णन वाचलं आणि ठरवलं की सविस्तर लिहायचं. गोरेगावच्या एका स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढतो. दिवसभर हातात पेनच असतं.

तुमच्यासाठी आधी पेन, मग स्क्रीन, मग रॅम, मग प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड शेवटी, आणि तुम्हाला ते लागतच नाही. द्विमितीय चित्र काढायला ते कार्ड फारसं कामाला येत नाही. स्टारड्यू आणि माइनक्राफ्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतात. त्या कार्डामुळे वजन वाढतं, पंखा ओरडतो, बॅटरी लवकर उतरते, आणि तुमचा भार तर करी रोडच्या जिन्यावरून जायचा आहे.

पहिली गोष्ट नीट लक्षात ठेवा. टचस्क्रीन आहे म्हणजे पेन चालेल असं नाही. साध्या टचस्क्रीनवर रबरी टोकाची काडी चालते, पण तिला दाब कळत नाही, सगळी रेघ एकाच जाडीची येते. दुकानात विचारायचं ते असं: "ॲक्टिव्ह पेन सपोर्ट आहे का, कुठल्या प्रकारचा, आणि पेन बॉक्समध्ये येतं की वेगळं?" मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीला एमपीपी म्हणतात. त्यांच्या सरफेसमध्ये आणि एचपीच्या बऱ्याच टू-इन-वनमध्ये, म्हणजे स्क्रीन मागे दुमडून टॅब्लेटसारखा वापरता येतो अशा लॅपटॉपमध्ये, ती असते. लेनोव्होच्या अनेक मॉडेलांत वॅकॉमची एईएस असते. एकीचं पेन दुसरीवर चालेलच असं नाही, म्हणून पेन मॉडेलप्रमाणेच घ्यायचं. या दोन्हींत पेनला वीज लागते. काही जुन्या पेनांना चार ए वाली बारीक बॅटरी लागते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. चार्ज होणारं पेन बरं. तिसरी पद्धत ईएमआर, तिच्या पेनला बॅटरीच नसते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी बुक ३६० मध्ये ती आहे. माझ्या हाताला तीच सगळ्यात छान लागते, पण नवं घेतलं तर तुमच्या बजेटबाहेर जाईल.

आता परीक्षा. घरून एक प्लास्टिकची फूटपट्टी आणि पेनड्राइव्ह न्या. पेनड्राइव्हवर क्रिताची पोर्टेबल आवृत्ती टाकून ठेवा. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे आणि ही आवृत्ती इन्स्टॉल करावी लागत नाही, त्यामुळे दुकानदारही अडवत नाही. स्क्रीनवर पट्टी तिरपी धरा आणि तिच्या कडेने रेघ ओढा, हळू. अगदी हळू, वीतभर रेघेला पाच-सहा सेकंद लागतील इतकी. काचेखाली तारांची जाळी असते आणि पेन दोन तारांच्या मध्ये असताना त्याची जागा मशीन हिशोबाने काढतं. तो हिशोब कच्चा असेल तर पट्टी सरळ असूनही रेघ नागमोडी येते. दुकानदार झरकन सही करून दाखवतो, त्यात हा दोष दिसत नाही, कारण वेगात रेघ सरळच येते. पण निरी तुम्ही हळू सोडता. तिथेच तो दिसणार.

दुसरी परीक्षा: पेन दाबू नका. बोटांत सैल धरा आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने स्क्रीनवरून ओढा. रेघ उमटते का? बारीक सुरुवात याच गुणावर ठरते. खोक्यावर ४०९६ दाबपातळ्या लिहिल्यात की ८१९२, याकडे बघूही नका. हाताला तो फरक कळत नाही. पहिला स्पर्श किती हलका पुरतो, हे मात्र लगेच कळतं. दाब अजिबातच कळत नसेल तर क्रिताच्या सेटिंगमध्ये टॅब्लेट या भागात जाऊन विनटॅबऐवजी विंडोजचा पॉइंटर इनपुट निवडा आणि पुन्हा बघा. बऱ्याचदा दोष पेनचा नसतो, या निवडीचा असतो.

स्क्रीन आयपीएस किंवा ओलेड, आणि रंगांसाठी "१०० टक्के एसआरजीबी" असं लिहिलेलं. "४५ टक्के एनटीएससी" लिहिलं असेल तर लाल आणि हिरवा मेलेले दिसतात. तुम्ही त्यावर कुंकू बरोबर रंगवलं असं वाटेल, आणि पालकांच्या फोनवर ते भडक दिसेल. १३-१४ इंचांत १६:१० आकाराची स्क्रीन मिळाली तर घ्या. १९२० बाय १२०० म्हणजे नेहमीच्यापेक्षा १२० ओळी उंचीला जास्त, टूलबार गेला तरी चित्राला जागा उरते.

रॅम १६ जीबी. व्हिडिओसाठी १९२० बाय १०८० चं चित्र काढलंत तर एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण ८ एमबी घेतो, ते काहीच नाही. पण चित्रावरून कॅमेरा सरकवायचा तर दुप्पट आकाराचं काढावं लागतं, तिथे लेयर ३३ एमबीचा होतो. मुलांच्या गोष्टी छापायच्या झाल्या तर ए-४, ३०० डीपीआयला ३५ एमबी. तीस लेयर म्हणजे एक जीबी, त्यावर अनडूचा इतिहास वेगळा. ८ जीबीत विंडोज आणि ब्राउझर मिळूनच निम्मी जागा खातात.

लेनोव्हो फ्लेक्स ५, एचपी पॅव्हेलियन एक्स ३६०, डेल इन्स्पिरॉन १४ टू-इन-वन हे सगळे दीड किलोच्या आसपासचे आहेत. पण एकाच नावाखाली वेगवेगळे पॅनल येतात, म्हणून नावावर जाऊ नका, हातात घेऊन बघा. सरफेस गो १०.५ इंचांचा, दिसायला गोड आणि हलका. पण पेंटियम प्रोसेसरवाला व्हिडिओ एडिटिंगला धापा टाकेल, आणि चार जीबी रॅमवाला तर नकोच.

ग्रँटरोडकर

लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. पेनरेघ दादांनी वरचं सगळं सांगितलं, मी आतलं सांगतो.

रॅम आधी विचारा: बोर्डावर डकवलेली आहे की स्लॉटमध्ये? डकवलेली असेल तर जेवढी आहे तेवढीच जन्मभर. ८ जीबी डकवलेला घेऊन "नंतर वाढवू" असा विचार करू नका, वाढत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे कंपन्या आणि दुकानदार ८ वरच भागवायला बघतात. तुम्ही १६ वर अडून बसा.

इंटेलच्या ११व्या, १२व्या पिढीत आयरिस एक्सई ग्राफिक्स ऐकलं असेल. त्याच प्रोसेसरला रॅमची एकच पट्टी लावली तर तो स्वतःला नुसतं यूएचडी म्हणवतो आणि गेममध्ये चांगलाच मार खातो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. रस्ता एकपदरी असला की अडकतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टरमध्ये काय नाव आहे ते बघा, दोन सेकंदांचं काम.

एएमडीत गोंधळ वेगळा आहे. ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा बघायचा. ७५२० मध्ये तो २ आहे, म्हणजे आतलं डिझाइन जुनं झेन २ चं, आणि ग्राफिक्स अगदी जेमतेम. ७५३० मध्ये ३, म्हणजे झेन ३. नावात दहाचा फरक, कामात खूप मोठा. दोन्हींवर रायझन ५ चंच स्टिकर असतं, आणि दुकानदार स्टिकरकडे बोट दाखवतो.

६० हजारांत नवा नीट टू-इन-वन बसला नाही तर रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून विकायला ठेवलेला, बघा. ऑफिसांमधून लीज संपून आलेले लेनोव्होचे थिंकपॅड इथे येतात. तुमच्यासाठी मला एक्स १३ योगा, दुसरी आवृत्ती सुचतो. १३.३ इंच, १६:१० स्क्रीन, इंटेल ११वी पिढी, वजन सुमारे १.२ किलो, आणि पेन अंगातच एका खाचेत बसतं, तिथेच चार्ज होतं. गाडीत पेन हरवायची भीती नाही. नेहमी मिळतो असं नाही, दोन-चार दुकानं फिरावी लागतील. याचीही रॅम डकवलेली असते, तेव्हा १६ वालाच. आठव्या पिढीच्या खालचं इंटेल मशीन कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

वापरलेलं मशीन घेताना दुकानात उभं राहूनच बॅटरी तपासा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, दुकानातल्या पोराला "पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढ" म्हणा, त्याला कळतं. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी टाकून मागा नाहीतर भाव पाडा. बिजागरी बघा. स्क्रीन पूर्ण मागे दुमडा, परत आणा, कटकट आवाज येतो का, एक बाजू उचलली जाते का. टू-इन-वनमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, काच तडकली तर बहुतेक वेळा अख्खा पॅनल बदलावा लागतो. गर्दीच्या गाडीत जायचं आहे तर कडक पाठीची स्लीव्ह घ्या आणि चार्जर स्क्रीनच्या बाजूला कधीच ठेवू नका. माझ्याकडे तडकलेल्या स्क्रीन येतात त्यांतल्या कितीतरी बॅगेतल्या चार्जरने दाबलेल्या असतात.

आणि ताई, कपाटात ठेवण्याआधी शटडाउन करा, नुसतं झाकण लावू नका. हल्लीचे लॅपटॉप झाकण लावल्यावरही आतून जागे राहतात, बंद जागेत तापतात आणि सकाळी बॅटरी संपलेली. पावसाळ्यात मशीन गार झाल्यावरच आत ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. लालबागच्या ओलीत यूएसबीच्या पोर्टना गंज धरलेला मी पाहिलाय.

लॅमिंग्टन रोडला यायला करी रोडहून लोअर परळला चालत या, तिथून ग्रँट रोडची स्लो गाडी. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

मुलुंडची_मृ

मी थोडं वेगळं सांगते. टू-इन-वनच्या मागे न लागता साधा १३-१४ इंचांचा चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉप घ्या आणि वेगळा पेन टॅब्लेट, तो बिनस्क्रीनचा, यूएसबीला लावायचा. वॅकॉम इंट्यूओस स्मॉलचा काढायचा भाग १५२ बाय ९५ मिलिमीटर, वजन पाव किलोच्याही आत. लॅपटॉपच्या स्लीव्हमध्येच मावतो. पेनला बॅटरी नाही, आणि पेनरेघ दादा म्हणतात ती नागमोडी रेघ माझ्याकडे येत नाही. ह्युइऑन, एक्सपी-पेन त्याहून स्वस्तात मिळतात.

माझं म्हणणं पाठीचंही आहे. स्क्रीनवर चित्र काढायचं तर मान दोन तास खाली. पेन टॅब्लेट मांडीवर घेतला आणि लॅपटॉप समोर पाटावर किंवा डब्यांवर उंच ठेवला तर मान सरळ राहते. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं अशीच काढते. उद्या लॅपटॉप बिघडला तरी टॅब्लेट राहतो, टॅब्लेट बिघडला तरी लॅपटॉप राहतो, आणि टचस्क्रीनचा खर्च वाचतो तो रॅमला लावता येतो.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. हात खाली, डोळे वर. सुरुवातीचे काही आठवडे वर्तुळ जुळत नाही. ज्यांनी सुरुवातच कॉम्प्युटरवर केली त्यांना ते लवकर जमतं. ज्यांचा हात कागदावर तयार झालाय त्यांना जास्त वेळ लागतो. कुणाकडे असेल तर आधी एक संध्याकाळ मागून आणा.

चित्रबाई_लालबाग

तिघांचेही मनापासून आभार. तुम्ही इतकं लिहिलंत म्हणून मी दुकानात विचारायचं काय हे माहीत असलेली बाई होऊन गेले.

आधी मृ ताईंचं ऐकून शाळेतल्या सहकाऱ्याचा पेन टॅब्लेट घरी आणला. रेघ सुंदर येते, अगदी कबूल. पण निरी काढताना मी पेनाच्या टोकाकडे बघते, रेघ कुठे भरायची हे तिथे बघूनच ठरतं. डोळे समोर ठेवून ती सुटेना. सराव केला तर जमेल, पण गॅदरिंगच्या आधी तीन गोष्टी पूर्ण करायच्या आहेत आणि मुलं रोज विचारतात, "बाई, माझी झाली का?" त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर येतं.

शनिवारी मुलाला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. पट्टी आणि पेनड्राइव्ह नेला होता. एका नव्या टू-इन-वनवर झरझर काढलेली रेघ सरळ, आणि हळू काढलेली स्पष्ट लाटांची. मुलगाच ओरडला, "आई, बघ, हलतेय!" दुसऱ्यावर रेघ ठीक होती, पण पेन जरा दाबल्याशिवाय उमटतच नव्हतं. निरीची सुरुवातच बोथट. तिसऱ्या दुकानात रिफर्बिश्ड एक्स १३ योगा मिळाला, १६ जीबी, डिस्प्ले अडॅप्टरमध्ये आयरिस एक्सई लिहिलेलं. हळू रेघ किंचित हलते, पण क्रितात ब्रशचं स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेची थरथर कमी करणारी सोय, थोडं वाढवलं की थांबते. पेन सैल धरून ओढलं तर बारीक रेघ उमटली. तिथेच उभ्याने एक नऊवारीतली बाई काढली. दुकानातली दोन माणसं काम सोडून बघत होती.

बॅटरी रिपोर्टमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास निघाला. ग्रँटरोडकर दादांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. थोडी घासाघीस झाली, पण नवी बॅटरी टाकून दिली, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी आणि बिलावर सिरीयल नंबर. बजेटच्या आत बसलं. उरलेल्या पैशांत कडक स्लीव्ह आणि एक साधा कॉलरचा माइक घेतला.

अंगातलं पेन फार बारीक आहे, तासाभराने बोटं आखडतात. आणि एक नवीन अडचण. फोनवर घेतलेला व्हिडिओ एडिटिंगमध्ये टाकला की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, चौथ्या मिनिटापर्यंत आवाज पुढे पळतो. शिवाय ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्ट्या सरकताना दिसतात. लॅपटॉप कमी पडतोय का?

पेनरेघ

अभिनंदन ताई! नाही, लॅपटॉपचा काही दोष नाही.

फोन उजेडाप्रमाणे सेकंदाला कधी ३० तर कधी २७ फ्रेम घेतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या एकसारख्या धरून चालतं, म्हणून आवाज हळूहळू सरकत जातो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात व्हिडिओच्या भागात फ्रेमरेट ३० ठेवा आणि "कॉन्स्टंट" निवडा. बदललेली फाइलच एडिटिंगला घ्या, आवाज जागेवर राहील. एडिटिंगला केडेनलाइव्ह किंवा शॉटकट पुरे. फोनचा फोर-के व्हिडिओ अडखळला तर त्यातच प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम हलक्या प्रतीवर होतं आणि शेवटी मूळ फाइल वापरली जाते.

पट्ट्या विजेच्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा, पट्ट्या जातील. आणि आता चित्रं स्क्रीनवरच काढणार, तर ती फोनने टिपूच नका. क्रितातून थेट पीएनजी काढा. फोन फक्त मुलांच्या चेहऱ्यांसाठी आणि आवाजासाठी.

पेनबद्दल: त्याच पद्धतीचं जाड पेन वेगळं मिळतं, घरी कामाला ते वापरा आणि अंगातलं शाळेसाठी राहू द्या. घेण्याआधी तुमच्याच मशीनवर लावून बघा, एईएसच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या असतात. तोवर बारीक पेनवर पेन्सिलीची रबरी ग्रिप चढवून बघा. खाचेत ठेवताना काढावी लागेल एवढंच.

लिफ्टमधल्या मांजराची गोष्ट झाली की इथे टाका, मला बघायची आहे.